मोजलंच नाही, तर ‘काही झालं नाही’ हे ठरवलं कोणी?

३० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी अण्वस्त्रांच्या चाचण्या पुन्हा सुरू करायला सांगितल्याचं जाहीर केलं. दोन-तीन दिवसांनी पाकिस्तानही लपूनछपून चाचण्या करतोय, असंही ते म्हणाले. मागाहून त्यांच्याच ऊर्जामंत्र्यांनी सारवासारव केली, की या चाचण्यांत प्रत्यक्ष अणुस्फोट होणारच नाही. पण तोवर आपल्याकडे वादाला तोंड फुटलं होतं: भारतानेही पोखरणला आणखी एकदा बार उडवून बघावा का? कोकणात या वादाला लगेच जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाचा फाटा फुटतो. एक बाजू म्हणते, चाचणी राजस्थानात, तीही जमिनीच्या पोटात; आमच्या आंब्याचा मोहोर काय त्याने गळणार आहे? दुसरी बाजू हिरोशिमाची छायाचित्रं पुढे करते आणि ‘हापूस संपला, मासळी संपली’ म्हणून मोकळी होते. मला दोघांचंही बोलणं पटत नाही. नीट गाडलेल्या स्फोटाने देवगडच्या कलमाला काही होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ‘पोखरणला कुणाला काही झालं नाही’ हेही कुणी छातीठोकपणे म्हणू नये. ते म्हणण्यासाठी जे मोजावं लागतं, ते मोजून लोकांपुढे ठेवलेलं नाही. ते ठेवलं जाईपर्यंत नव्या चाचणीला माझा विरोध आहे.

‘तिकडचं तिकडे, आपल्याला काय’ म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हवी. १९७४ च्या स्फोटातलं प्लुटोनियम सायरस अणुभट्टीतलं, म्हणजे ट्रॉम्ब्याचं, ठाण्याच्या खाडीकाठचं. माल आपल्या किनाऱ्यावरून गेलेला आहे. ज्या गावांशेजारी तो फुटला तिथे पुढे काय झालं, हे विचारणं आपल्यालाही लागू होतं.

आधी जैतापूरची गल्लत सोडवू. अणुभट्टीतलं इंधन बॉम्बसारखं फुटू शकत नाही. तिचा धोका निराळा, तिच्या पोटात वर्षानुवर्षं साठत जाणाऱ्या मालाचा. बॉम्बमध्ये माल फारच थोडा असतो. एक किलो प्लुटोनियमचं पूर्ण विखंडन झालं, म्हणजे त्यातला प्रत्येक अणू फुटला, तर साधारण १७-१८ किलोटन (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी) ऊर्जा निघते. म्हणजे हिरोशिमाच्या आसपासच्या ताकदीच्या बॉम्बमधून जी काही विखंडनाची राख निघते, तिचं वजन किलोच्या घरात. आरोग्याचा सगळा प्रश्न एवढाच आहे, की हा किलोभर माल जातो कुठे. अग्निगोळा जमिनीला टेकला तर तो माती वर ओढून घेतो, राख तिला चिकटते, जड कण काही तासांत वाऱ्याच्या दिशेने खाली पडतात. स्फोट उंच हवेत झाला तर बारीक कण थेट वरच्या थरात जातात आणि महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं जगभर पावसातून उतरत राहतात. जमिनीखाली खोल झाला तर बहुतेक राख वितळलेल्या खडकाच्या काचेत अडकते. झेनॉन, क्रिप्टॉन आणि थोडं आयोडीन एवढेच वायुरूप पदार्थ फटी शोधत वर येऊ पाहतात. जगात आजवर दोन हजारांवर चाचण्या झाल्या. त्यांतल्या पाचशेहून जास्त उघड्या हवेत झाल्या, आणि आपल्याला जे काही ठाऊक आहे त्यातलं बरंचसं त्या पाचशेंमुळे.

१ मार्च १९५४ ची, पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावरची अमेरिकेची ‘ब्राव्हो’ चाचणी घ्या. अपेक्षा पाच-सहा मेगाटनांची (एक मेगाटन म्हणजे हजार किलोटन) होती, निघाले पंधरा. लिथियम-७ हा घटक स्फोटात गप्प राहील असं शास्त्रज्ञांनी धरलं होतं, तो राहिला नाही. त्यातले सुमारे दहा मेगाटन विखंडनाचे, म्हणजे वरच्याच हिशेबाने साडेपाचशे किलोंहून जास्त राख, आणि तीही प्रवाळाच्या चुन्यात मिसळलेली. दीडशे किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या रोंगेलाप बेटावर काही तासांनी पांढरी भुकटी पडायला लागली. अंतराचा अंदाज हवा असेल तर रत्नागिरी ते पणजी सरळ रेषेत मोजा, साधारण तेवढंच. पोरं त्या भुकटीत खेळली, पिण्याच्या पाण्यात ती पडली. लोकांना बेटावरून हलवलं ते जवळजवळ पन्नास तासांनी. या राखेचा एक ढोबळ नियम आहे: वेळ सातपट झाला की किरणोत्साराचा जोर दहापट उतरतो. पहिल्या तासाला हजार असेल तर सातव्या तासाला शंभर, दोन दिवसांनी दहा, दोन आठवड्यांनी एक. म्हणजे जे तास सर्वांत तिखट, ते तिथेच काढून झाल्यावर बोट आली. १९५७ मध्ये त्यांना घरी परत नेलं. १९६३ पासून मुलांच्या गळ्यात गाठी दिसू लागल्या. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांखाली असलेल्या बहुतेक मुलांच्या थायरॉईडमध्ये, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीत, पुढे बिघाड निघाला. त्याच भुकटीत ‘फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी बोट सापडली. बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. २३ खलाशांपैकी रेडिओ-ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरात गेला. मृत्यू त्याला रक्त चढवताना झालेल्या काविळीने की किरणोत्साराने, यावर दोन्ही देशांचे डॉक्टर भांडत बसले. जपानच्या बंदरांत त्या वर्षी मासळी यंत्राखाली धरून तपासावी लागली आणि शेकडो टन कुपा फेकून द्यावा लागला. ज्या बोटींचा माल स्वच्छ निघाला त्यांचाही भाव पडला. अफवेने मासळीचा लिलाव कसा बसतो हे हर्णे किंवा मिरकरवाड्याच्या धक्क्यावर समजावून सांगायची गरज नाही.

बिकिनीची पुढची गोष्ट माड लावणाऱ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. साठच्या दशकाअखेर बेट सुरक्षित ठरवलं, हजारो माड लावले, काही कुटुंबं परतली. १९७८ मध्ये त्यांना पुन्हा उठवावं लागलं. जमिनीवर धरलेलं यंत्र फारसं ओरडत नव्हतं, पण माणसांच्या अंगात राखेतलं किरणोत्सारी सिझियम-१३७ चढत चाललं होतं. कारण नारळ. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम जवळजवळ नसतं आणि माडाला तर पालाशाची, म्हणजे पोटॅशियमचीच, भूक सर्वांत मोठी. सिझियम हा रासायनिक नात्याने पोटॅशियमचा भाऊबंद. मूळ फसतं आणि त्यालाच वर ओढतं. शास्त्रज्ञांनी प्रयोगाच्या वाफ्यांत पोटॅशियम क्लोराईड टाकलं, म्हणजे आपण म्युरेट ऑफ पोटॅश म्हणतो तेच, आणि खोबऱ्यातलं सिझियम झपाट्याने उतरलं. कोकणातली जांभ्याची माती प्रवाळाची नव्हे. पण पावसाने धुतलेली, पालाशाला कंगाल आणि सिझियमला घट्ट धरून ठेवणारी चिकणमाती कमी असलेली ती आहेच. उद्या आपल्या मातीवर असं काही पडलंच, तर काळ्या मातीतल्या देशावरच्या आकड्यांवरून इथला नारळ निर्धोक ठरवता येणार नाही. हा बारकावा जैतापूरच्या वादातही कुणी काढल्याचं दिसत नाही, आणि तो तिथे जास्त कामाचा आहे.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यांतले दोन खरोखर वजनदार आहेत.

पहिला सरासरीचा. वातावरणातल्या चाचण्यांमुळे जगातल्या माणसाला मिळणारा सरासरी डोस १९६३ मध्ये शिगेला पोहोचला, तेव्हाही तो वर्षाला ०.११ मिलिसिव्हर्ट (अंगाला मिळालेल्या किरणोत्साराचं माप) होता. निसर्गाकडून आपल्याला दरवर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. शिवाय केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सार कितीतरी पट जास्त आहे, आणि तिथल्या सुमारे ७०,००० लोकांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोग वाढलेला दिसला नाही. हे सगळं खरं आहे, ते नाकारणारा विरोधक आपलंच नुकसान करतो. पण सरासरी म्हणजे काय? एका घरात दोघांनी मिळून चार नारळ खाल्ले, त्यात एकाने चारही खाल्ले असतील. राखेतलं आयोडीन-१३१ गवतावर पडतं, गाय दिवसभरात बरंच मोठं कुरण चरते, ते दुधात उतरतं. शेळीच्या दुधात आणखी जास्त. माणसाच्या पोटात गेलं की ते थायरॉईडमध्ये साठतं. मोठ्या माणसाची थायरॉईड १५-२० ग्रॅमची, वर्षाच्या बाळाची जेमतेम दोन ग्रॅमची. तेवढंच आयोडीन दहापट लहान ग्रंथीत कोंबलं की डोस दहापट. त्यात दूध जास्त पिणारं बाळच. नेवाडातल्या चाचण्यांचा जिल्हावार हिशेब अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९७ साली, म्हणजे तिथल्या उघड्या चाचण्या थांबल्यावर साडेतीन दशकांनी प्रसिद्ध केला. त्यावरून बांधलेला अंदाज असा, की त्या आयोडीनमुळे थायरॉईडच्या कर्करोगाचे सुमारे ४९,००० जादा रुग्ण झाले असतील किंवा होतील. कमीत कमी ११,०००, जास्तीत जास्त दोन लाखांवर. उपाय किती साधा होता? गुरांना दीड-दोन महिने साठवणीतला चारा घालायचा. आपल्याकडे पावसाळ्यासाठी रचलेली पेंढ्याची उडवी असते तसला. किंवा त्या दुधाची भुकटी करून ठेवायची. आठ दिवसांत आयोडीन निम्मं होतं, ऐंशी दिवसांत हजारावा भाग उरतो. पण त्यासाठी गवळ्याला सांगावं लागतं. सांगितलं कुणाला? फोटोची फिल्म बनवणाऱ्यांना. १९४५ च्या पहिल्या स्फोटाची राख इंडियानातल्या नदीच्या पाण्यातून फिल्मच्या वेष्टनाच्या पुठ्ठ्यात गेली आणि ईस्टमन कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर ठिपके उठले. त्यानंतर १९५१ पासून फोटो-फिल्मच्या उद्योगाला चाचण्यांची आगाऊ सूचना मिळू लागली. दुधावर वाढणाऱ्या पोरांच्या घरी ती गेली नाही.

आणि करुनागपल्लीचा दाखला तर उलट माझ्याच बाजूचा आहे. तिथे ‘काही झालं नाही’ या म्हणण्यावर आपण विश्वास का ठेवतो? कारण तिथे १९९० पासून कर्करोगाची नोंदवही आहे, घरोघर जाऊन डोस मोजला गेला आहे आणि निष्कर्ष छापून सगळ्यांपुढे ठेवला आहे. पोखरणच्या बाबतीत यातलं काय आहे?

दुसरा मुद्दा भूमिगत चाचण्यांचा, आणि हा जास्त भक्कम. अमेरिकी काँग्रेसच्या तंत्रज्ञान-मूल्यमापन कार्यालयाने १९८९ मध्ये हिशेब मांडला: १९७० च्या डिसेंबरनंतरच्या प्रत्येक चाचणीच्या वेळी एखादा माणूस नेवाडाच्या कुंपणावर सर्वांत वाईट जागी उभा राहिला असता, तरी त्याला मिळालेला एकूण डोस नैसर्गिक किरणोत्साराच्या अवघ्या ३२ मिनिटांएवढा भरला असता. बत्तीस मिनिटं! मग भीती कसली? भीती त्या ‘१९७० च्या डिसेंबरनंतर’ या शब्दांत आहे. १८ डिसेंबर १९७० रोजी नेवाडात ‘बेनबेरी’ नावाची दहा किलोटनांची चाचणी झाली. खोलीचा तिथला नियम असा: किलोटनांचं घनमूळ काढा, त्याला साधारण १२२ मीटरने गुणा. दहा किलोटनांना २६३ मीटर पुरतात. बेनबेरीचा बॉम्ब सुमारे २७५ मीटरवर होता. नियम पाळलेला होता. तरी साडेतीन मिनिटांनी जमीन फाटली, धुरळा तीन किलोमीटर उंच गेला आणि ६७ लाख क्युरी (किरणोत्सारी मालाचं माप) किरणोत्सार बाहेर पडला. नंतर तपासात कारण निघालं ते भूगर्भाचं. तिथल्या थरात पाणी धरून ठेवणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होतं. पाण्याची वाफ झाली, दाब वाढला, पोकळीभोवतालचा मऊ खडक तो पेलू शकला नाही. विहीर खणताना जांभ्याखाली अचानक लिबलिबीत मातीचा थर लागावा आणि कडा खचावी, तसं. फरक एवढाच, की विहीर खणणारा थांबू शकतो. त्या फजितीनंतर अमेरिकेने परीक्षणाचे नियम आवळले, भूगर्भाचा प्रत्येक थर तपासायला घेतला, आणि मग ती बत्तीस मिनिटं आली. तीही अनेक चाचण्यांनी हात बसल्यावर. आपल्या खात्यात १९७४ ची एक आणि १९९८ च्या दोन दिवसांतले पाच स्फोट आहेत. १९७४ चा बॉम्ब १०७ मीटरवर पुरला होता, आणि जाहीर केलेल्या बारा किलोटनांना नेवाडाचा नियम २८० मीटर मागतो. वाळवंटाचा खडक वेगळा, कोरडा, हे मान्य. नियम जसाच्या तसा लागू होत नाही. पण मग लागू होतो तो कोणता, तो कुणी तपासला आणि कुठे छापला?

अंतराचा दिलासा पावसाळी मुलखात तर फारच लंगडा पडतो. २५ एप्रिल १९५३ रोजी नेवाडात एक बॉम्ब फुटला. ढग वरच्या वाऱ्यात ३,५०० किलोमीटरहून जास्त गेला आणि दुसऱ्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावावर वादळी पावसाबरोबर उतरला. तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या गायगर यंत्रांनी एकदम टिकटिक वाढवली, म्हणून कळलं. पोखरण ते रत्नागिरी अंतर याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंही नाही. १९७६ च्या सप्टेंबरातल्या चिनी चाचणीचं आयोडीन पेनसिल्व्हेनियातल्या दुधात सापडलं, तेही पावसामुळेच. दोन्ही स्फोट उघड्या हवेतले होते, पोखरणशी त्यांची थेट तुलना मी करणार नाही. मुद्दा वेगळा आहे. जिथे पाऊस गाठतो तिथे माल उतरतो, आणि तो उतरला हे तिथे यंत्र चालू असेल तरच कळतं.

आता सर्वांत वाईट रीतीने लढवला जाणारा भाग. पोखरणच्या चाचणीच्या जागेजवळच्या खेतोलाईचे लोक वर्षानुवर्षं सांगत आलेत की गावात कर्करोग वाढला, गुरं आजारी पडली. सरकारी बाजू म्हणते, पुरावा नाही. मग कार्यकर्ते रुग्णांची यादी करतात, अधिकारी ती फेटाळतात, फेऱ्या चालू राहतात. साधं गणित करून बघा. दोन हजार वस्तीचं गाव धरा. भारतात लाखामागे वर्षाला साधारण शंभर नवे कर्करोगी सापडतात, म्हणजे त्या गावात दोन. वीस वर्षांत चाळीस. आता किरणोत्साराने कर्करोग दहा टक्क्यांनी वाढला असं समजा. चाळीसचे चव्वेचाळीस झाले. पण नुसत्या योगायोगाने हा आकडा सहा-सात इकडेतिकडे होतोच. म्हणजे चार माणसांना खरोखर त्यामुळेच कर्करोग झाला असला तरी मोजणीत ती दिसणारच नाहीत, आणि उलट काहीच झालं नसलं तरी एखाद्या दशकात यादी लांबलेली दिसू शकते. एवढ्या लहान गावात माणसं मोजून कुठलीच बाजू सिद्ध होत नाही. मोजायचा असतो तो डोस: दुधात किती आलं, विहिरीत किती, मातीत किती खोल. तो कळला की जोखमीचा अंदाज जगभरच्या अनुभवावरून काढता येतो. डोस न मोजता ‘पुरावा नाही’ म्हणायचं, म्हणजे दिवा न लावता खोली रिकामी आहे म्हणण्यासारखं.

खाडीत मासे मरून वर येतात तेव्हा नमुना घ्यायला माणूस येतो तो दोन दिवसांनी. तोवर चार भरत्या, चार ओहोट्या होऊन गेलेल्या असतात आणि अहवालात पाणी स्वच्छ असतं. कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठच्या माणसाला हा अहवाल पाठ आहे. आयोडीनचंही तसंच. तीन महिन्यांनी दूध तपासलं तर ते निर्मळच निघणार. झेनॉन-१३३ पाच दिवसांत निम्मं होतं, ते हवेत पकडायचं तर लगेच पकडावं लागतं. स्ट्रॉन्शियम-९० तर गायगर यंत्राने ओळखताच येत नाही. रासायनिक रीतीने वेगळं करून, त्यातून यिट्रियम तयार व्हायला दोन-अडीच आठवडे थांबून मोजावं लागतं. (मोबाइलच्या ॲपने किरणोत्सार मोजणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) म्हणजे तयारी आधी हवी, आणि मोजणारा चाचणी करणाऱ्यापेक्षा वेगळा हवा. आपल्याकडे १९८३ मध्ये अणुसुरक्षेवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ झालं. २००० साली बॉम्ब घडवणारं भाभा अणुसंशोधन केंद्रच त्याच्या कक्षेतून बाहेर काढण्यात आलं. बॉम्ब करणारा, नमुने घेणारा आणि निकाल देणारा एकाच वाड्यात राहत असेल, तर निकाल खरा असला तरी तो पटणार कुणाला?

आपल्या शास्त्रज्ञांना हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. ‘ब्राव्हो’नंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ ला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याचं आवाहन केलं. १९५६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंग कोठारींकडून अणुस्फोटांच्या परिणामांवर पुस्तक तयार करवून घेऊन सरकारने छापलं. ट्रॉम्ब्याच्या माणसांनी १९५६ पासून परदेशी चाचण्यांची राख आपल्या देशात किती पडते ते मोजून अहवाल काढले. दुसऱ्याच्या धुळीचा हिशेब आपण चोख ठेवला. स्वतःच्या स्फोटानंतर बाहेर काही आलं नाही असं सांगितलं गेलं, स्फोटाच्या ताकदीवर निबंधही आले. पण खेतोलाईच्या दुधाचे तारीखवार आकडे खेतोलाईच्या माणसाला वाचायला मिळतील असे कुठे आहेत?

राहिला संरक्षणाचा मुद्दा. १९९८ चा हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेएवढा पेटलाच नाही, असं त्या चाचण्यांत सहभागी असलेले संरक्षण-शास्त्रज्ञ के. संथानम २००९ मध्ये म्हणाले. त्या चाचण्यांच्या वेळी अणुऊर्जा खात्याची धुरा सांभाळणाऱ्या आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर या शास्त्रज्ञांनी ते खोडून काढलं. त्या वादाचा निवाडा बाहेरून होणार नाही. पण इतकं दिसतं, की चीनने ४५ चाचण्या केल्यात आणि आपण दार उघडलं तर तोही त्यातून आत येणार. नव्या चाचण्यांतून जास्त शिकेल तो ज्याच्याकडे आधीचा साठा मोठा आहे.

पोखरणचं मोजायला अजून उशीर झालेला नाही. आयोडीन-१३१ गेलं, पण त्याच्याबरोबर पडणारं आयोडीन-१२९ दीड कोटी वर्षं निम्मंही होत नाही. बेलारूसमध्ये चेर्नोबिलनंतर मातीतल्या त्याच खुणेवरून मुलांच्या गळ्याचा डोस उलटा काढला गेला. १९९८ मध्ये सिझियम बाहेर आलंच असेल तर त्यातलं निम्म्याहून जास्त आजही जागेवर असणार. तीस सेंटिमीटर खोल मातीचे गाभे काढून ते दिसेल, आणि नसेल तर नाही हेही दिसेल. दात तर उत्तम साक्षीदार. सेंट लुईस शहरात १९५८ पासून बारा वर्षांत तीन लाखांवर दुधाचे दात गोळा झाले. पडलेला दात आपल्या पोरांसारखा कौलावर न भिरकावता तिथली पोरं पाकिटातून पाठवायची आणि ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असा बिल्ला मिरवायची. त्या दातांतल्या स्ट्रॉन्शियमने १९६३ च्या चाचणीबंदी कराराला बळ दिलं. मोठ्या माणसाच्या दाढेच्या एनॅमलमध्ये तर आयुष्यभराचा गॅमा डोस साठून राहतो. कझाकस्तानात सेमिपलातिन्स्कच्या गावांतून अशा दाढा घेऊन १९४९ च्या स्फोटाचा डोस पन्नास वर्षांनी काढला गेला. डोस अगदी थोडा असेल तर ही पद्धत तो पकडू शकत नाही. मोठा असेल तर लपवू देत नाही. पोखरण आणि जैसलमेरच्या दंतवैद्यांकडे रोज अशा दाढा काढल्या जातात आणि संध्याकाळी बादलीतून बाहेर जातात.